पायावर घेतलेला ब्रेक

उजव्या हाताची चार बोटं गेल्यावरही माणसाला सायकल चालवता येते. थांबवता येत नाही. हे मला माझ्या थोरल्या भावाकडे बघून कळलं.

दादा पिंपरीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या मशीनवर होता. कारखान्याचं नाव लिहीत नाही. त्या पट्ट्यात तसे कारखाने पुष्कळ होते आणि बोटं गेलेली माणसंही पुष्कळ होती. चाकणजवळच्या आमच्या गावातून कंपनीत लागलेला आमच्या घरातला तो पहिला. त्याच्या पगारावर मी शिकलो आणि पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक झालो. पिंपळे गुरवात भाड्याच्या दोन खोल्यांत तो, वहिनी आणि मी राहत होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट आहे. पिंपळे गुरव तेव्हा गावच होतं. घराच्या मागे ज्वारी होती आणि पुढे नदीकडे जाणारा उतार.

अपघात झाला तेव्हा मी तिथे नव्हतो. जे लिहितो आहे ते मला तीन माणसांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि तिघांचं जुळलं. त्या मशीनला दोन बटणं होती, एकमेकांपासून लांब. पत्र्याचा तुकडा साच्याखाली ठेवायचा, हात बाहेर काढायचे आणि दोन्ही हातांनी दोन्ही बटणं एकदम दाबायची. तेव्हाच वरचा ठोकळा खाली येई. दोन्ही हात बटणांवर म्हणजे साच्याखाली एकही नाही. योजना चांगली होती. तिच्यात एकच दोष होता, काम हळू होई. मालाची घाई लागली तशी सुपरवायझरने मेंटेनन्सच्या फिटरला सांगितलं आणि फिटरने बटणं बाजूला काढून मशीनला पायाचं पेडल दिलं. हात मोकळे झाले. माल दुप्पट निघू लागला. अख्खी शिफ्ट ते बघत होती. एका सकाळी दादाचा हात आत असताना पाय पडला.

तो दवाखान्यात असतानाच पेडल निघालं आणि बटणं जागेवर आली. तो परत आला तेव्हा कंपनीने त्याला चौकशीची नोटीस दिली. कामगाराने माल जास्त काढण्यासाठी मशीनच्या रचनेत स्वतः फेरबदल केला आणि त्यातून इजा झाली, असा आरोप. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याला स्टोअरच्या खिडकीत बसवलं. नोकरी जाणार नव्हती, हे युनियनच्या माणसाने खालच्या आवाजात सांगून ठेवलं होतं. दादाला नोकरीची काळजी नव्हतीच.

"माझी चूक न्हाई, येवढं त्यांनी कागदावर लिवून द्यावं," तो म्हणायचा. "बाकी मला काय नको. गावात मानसं इचारत्यात, हात कसा गेला? मी काय सांगू? मीच कापला?"

याची बातमी घेता येईल का, असं मी आमच्या मुख्य उपसंपादकांना विचारलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, "गेला का?" मी म्हटलं, नाही, बोटं गेली. त्यांनी पुढचा कागद ओढला. त्यात निर्दयपणा नव्हता. त्या पट्ट्यातून आलेल्या अपघाताच्या बातमीला मृत्यू असेल तर चार ओळी मिळत. बोटांना जागा नव्हती.

सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोचवील अशी बस नव्हती, म्हणून सायकल आलीच. रस्ता असा होता: घरापासून नदीकडे उतार, पवनेवरचा बुटका पूल, मग रेल्वेचं फाटक, मग मुंबईचा मोठा रस्ता आणि त्यावरचे ट्रक. सायकल जुन्या पद्धतीची, वायरऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढले जाणारे ब्रेक असलेली. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, डाव्या हाताला मागचा. उजवा पंजा हँडलवर टेकत होता, पण धरत नव्हता. त्यामुळे डाव्या हाताने ब्रेक आवळला की हँडल डावीकडे ओढलं जाई आणि सायकल रस्त्याच्या कडेला जाई. पहिल्याच दिवशी तो उतारावरून थेट बाभळीत गेला. घरी येऊन त्याने काटे काढले आणि सायकल उलटी करून तिच्यासमोर बसला.

पुढचे कित्येक महिने ती सायकल उलटीच जास्त राहिली.

पहिला प्रयोग साधा होता. दोन्ही ब्रेकच्या सळ्या त्याने एका आडव्या पट्टीने डाव्या मुठीला जोडल्या. एका हातात दोन ब्रेकांचं बळ नसतं. सायकल थांबायच्या ऐवजी विचार करायची. दुसऱ्या प्रयोगात उजव्या कोपराच्या खाली चामड्याचा पट्टा बांधला आणि तो पुढच्या ब्रेकला जोडला. कोपर मागे घेतलं की ब्रेक लागायचा. सपाट रस्त्यावर उत्तम. पण रेल्वेच्या रुळावर सायकलने उडी मारली, कोपर आपोआप मागे गेलं, पुढचं चाक जागच्या जागी थांबलं आणि दादा हँडलवरून पुढे गेला. फाटकवाल्याने त्याला उचललं आणि म्हणाला, "भाऊ, गाडी यायला अजून टाइम हाय. घाई कशाला?"

तिसरा प्रयोग वहिनीला घेऊन झाला. रविवारी बाजाराला ती कॅरिअरवर बसायची. दादाने मागच्या ब्रेकच्या सळीला दोरी बांधली, ती कॅरिअरपर्यंत आणली आणि टोकाला लाकडी मूठ लावून तिच्या हातात दिली. तो 'हां' म्हणाला की तिने ओढायची. चांगलं जमलं. पण वहिनी त्याच्या 'हां'ची वाट बघत नसे. समोर कुत्रं दिसलं की ओढी, ओळखीची बाई दिसली की ओढी, भाजी चांगली दिसली की ओढी.

"अगं, मी बोललो का?"

"तुमी बोलंपर्यंत मेथी मागं जाती."

स्टोअरच्या खिडकीवर सोमवारी ही बातमी पोचलेली असे. "काय राव, ब्रेक वहिनींच्या हातात गेला म्हणं!" "अरे, लगीन झाल्यापासून तिच्याच हातात हाय. आता नुसती दोरी दिसायला लागली." दादा हसायचा. घरी येऊन त्याने ती दोरी काढली.

त्यानंतर जे बनलं ते खरं काम होतं. सायकल चालवताना पाय मागे फिरवले तर काही होत नाही, ते नुसते फिरतात. हे रिकामं फिरणं वाया जातंय, असं त्याच्या मनाने घेतलं. त्याने दुसऱ्या सायकलीचं जुनं फ्रीव्हील मिळवलं. एका बाजूला मोकळं फिरतं आणि दुसऱ्या बाजूला अडकतं, असं ते चक्र. ते त्याने पेडलच्या आसाला डाव्या बाजूने उलटं बसवलं आणि त्याला एक लोखंडी हात जोडला. पाय पुढे चालले की चक्र मोकळं. पाय मागे दाबला की चक्र अडकायचं, लोखंडी हात फिरायचा, मागच्या ब्रेकची सळी ओढली जायची. हातांना काही कामच उरलं नाही. सायकल ओळीत, सरळ, जागेवर थांबायची.

तो हात फ्रीव्हीलला जोडायला वेल्डिंग लागलं. ते मेंटेनन्सच्या फिटरने करून दिलं, कंपनीत, कंपनीच्या वेल्डिंग सेटवर, जेवणाच्या सुट्टीत. हा तोच फिटर, ज्याने मशीनला पेडल दिलं होतं. दादाचा त्याच्यावर राग नव्हता. "त्याला सुपरवायझरनं सांगितलं, त्यानं केलं. न्हाई म्हनला असता तर तो घरी बसला असता," असं दादा म्हणायचा. माझ्या मते फिटर त्या वेल्डिंगने काही फेडत होता. दोघं एकमेकांशी त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

कंपनीत खासगी काम सगळेच करून घेत. कुणी चुलीसाठी जाळी, कुणी लेकराच्या गाड्याला चाक. पकडलं गेलं तर करून देणाऱ्याची नोकरी जाई. म्हणून एक रिवाज होता आणि तो प्रत्येक जण पाळी: करून घेणाऱ्याने नाव सांगायचं नाही. कुणी विचारलं तर 'मीच केलं' म्हणायचं. आणि करून देणाऱ्याने म्हणायचं, 'मला काय माहीत नाही.' रिवाज पाळणारा माणूस भरवशाचा समजला जाई.

त्या ब्रेकची एकच खोड होती. सायकल हाताने मागे ढकलली की पेडल मागे फिरे आणि ब्रेक आपोआप लागे. म्हणजे सायकल मागे घेता येत नसे. स्टँडच्या ओळीतून बाहेर काढताना दादाला मागचं चाक डाव्या हाताने उचलून घ्यावं लागे. त्याने ती खोड दुरुस्त केली नाही. "सायकल मागं कशाला न्यायची?" असं तो म्हणाला.

खंडेनवमी आली. त्या दिवशी कंपनीत मशिनी धुऊन पुसून त्यांची पूजा होई. साहेब लोक शेडमधून फिरत, नारळ फुटत, झेंडूच्या माळा प्रत्येक हँडलवर, आणि बाहेर पटांगणात कामगारांच्या सायकली हार घालून ओळीने उभ्या. आदल्या दिवशी दादा सायकल राखेने घासत बसला होता. वहिनी दारात उभी होती.

"अहो, घरीच पूजा करा हिची."

"का?"

"चौकशी चालू हाय. तिथं कशाला मिरवायचं?"

"मिरवत न्हाई. ती लोकं काय म्हनत्यात? ह्या मानसाला मशीन कळत न्हाई, निष्काळजी हाय. बघू दे एकदा."

"बघून काय करनार हाईत ती? भावजी, तुमी तरी सांगा."

मी पाळीला निघालो होतो. मी म्हटलं, नेऊ दे की, त्यात काय आहे. मला खरंच तसं वाटलं. आजही त्या घटकेला उपलब्ध असलेल्या माहितीवर दुसरं काय वाटायला हवं होतं, ते मला सांगता येत नाही. वहिनीला वाटलं होतं, एवढं खरं.

पटांगणात काय झालं ते दादाने त्या दिवशी दोनदा सांगितलं, एकदा वहिनीला आणि एकदा मला. वर्क्स मॅनेजर ओळीपाशी आले. कुणी तरी म्हणालं, साहेब, याची सायकल बघा, पायाने थांबते. साहेब म्हणाले, दाखव. फरशीवर एक लिंबू ठेवलं. दादा शेडच्या दारापासून सायकलवर निघाला, वेग घेतला आणि लिंबाजवळ येताच दोन्ही हात हँडलवरून उचलून वर केले. चाक लिंबाला टेकलं आणि थांबलं. लिंबू हललं नाही. माणसांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरनेही वाजवल्या. साहेबांनी स्वतःच्या हाताने पेढा दिला.

कामगार अधिकारी मात्र खाली बसून पेडलकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "हे कुणी बनवलं?"

"मी बनवलं, साहेब."

"सगळं? हा जोड पण?"

फिटर चार पावलांवर उभा होता, हातात नारळ. दादाने त्याच्याकडे बघितलं नाही. "समदं. कुनाचा हात न्हाई लागला."

त्या संध्याकाळी आमच्याकडे गोडाचं झालं. दादा म्हणाला, "अधिकारी सोता खाली बसून बघत हुता. पँटीला धूळ लागली त्याच्या." अपघातानंतर मी त्याला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं.

चौकशीची पुढची तारीख दिवाळीनंतरची होती. कामगाराच्या बाजूने एक माणूस बसू शकत असे. युनियनचा प्रतिनिधी बसला होता. त्यानेच मला प्रश्नोत्तरं सांगितली, नंतर मी नक्कल वाचली. दोन्हींत फरक नव्हता. चौकशी अधिकारी बाहेरून आणलेले वकील होते, आवाज मऊ, अहोजाहो करणारे. त्यांनी मशीनबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी सायकलबद्दल विचारलं.

"तुमच्या सायकलचा ब्रेक मुळात हातानं चालवायचा होता?"

"व्हय."

"तो तुम्ही पायावर घेतला?"

"व्हय."

"कुणाच्या मदतीशिवाय?"

"व्हय."

"म्हणजे हातानं चालणारी यंत्रणा पायावर कशी घ्यायची, हे तुम्हाला कळतं?"

युनियनच्या माणसाने टेबलाखाली त्याच्या पायावर पाय दिला. दादाला समजलं नाही. तो या प्रश्नासाठी वर्षभर थांबला होता. मशीन कळतं का, हेच ते विचारत होते.

"कळतं साहेब," तो म्हणाला. "चांगलं कळतं."

मग फिटरला बोलावलं. प्रेस मशीनला पेडल कुणी लावलं? मला माहीत नाही. सायकलच्या ब्रेकला तुम्ही मदत केली? इथे फिटर रिवाजाप्रमाणे वागला.

"न्हाई साहेब. त्याला कुनाची मदत लागत न्हाई. लई डोकं हाय त्याला. काय बी बनवतो."

तो खोटं बोलत होता आणि कौतुक मनापासून करत होता. दादा मान हलवत होता, असं युनियनचा माणूस म्हणाला. फिटरने शब्द पाळला याचं त्याला बरं वाटलं असणार. बाहेर आल्यावर दोघांनी एकत्र चहा घेतला.

शिफ्टमधले बाकीचे जे बोलले त्यांना काही आठवत नव्हतं. पेडल असल्याचं आठवत नव्हतं, बटणं असल्याचं आठवत नव्हतं. एकाने तर आपण त्या महिन्यात रजेवर होतो असं सांगितलं. सुपरवायझर थोडक्यात बोलला: हा कामगार हुशार आहे, पण स्वतःच्या मनाने फेरबदल करायची त्याला सवय आहे, सगळ्यांना ठाऊक आहे, खंडेनवमीला साहेबांनीही पाहिलं.

निष्कर्ष पानभराचा होता. मी व्यवसायाने मजकूर कापणारा माणूस. त्यातला एकही शब्द कापण्यासारखा नव्हता. संबंधित कामगाराला हाताने चालणारी यंत्रणा पायाने चालवण्याजोगी करण्याचं ज्ञान आणि कौशल्य आहे, हे त्याच्या स्वतःच्या कबुलीवरून आणि प्रत्यक्ष प्रात्यक्षिकावरून सिद्ध होतं. अन्य कुणी फेरबदल केल्याचा पुरावा समोर आलेला नाही. सबब इजा स्वतःच्या कृतीमुळे. तथापि माणुसकीच्या दृष्टीने त्यास कामावरून कमी न करता सायकल स्टँडवर नेमावं.

दादाने मला ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी 'ज्ञान आणि कौशल्य' या शब्दांवर त्याने मला थांबवलं.

"हे माझ्याबद्दल लिवलंय?"

"हो."

"चांगलं म्हनून का वाईट म्हनून?"

मी सांगितलं. तो उठून बाहेर गेला, सायकल उलटी केली आणि पाना घेतला. डाव्या हाताने आणि उजव्या पंजाच्या आधाराने त्याने तो लोखंडी हात, फ्रीव्हील, सळी, सगळं सुटं केलं. बराच वेळ लागला. वहिनी दारात आली.

"आता का काढताय? आता तर झालं सगळं. निदान उतारावर तरी..."

"पुरावा हाय त्यो," दादा म्हणाला.

ते तुकडे त्याने पोत्यात बांधून माळ्यावर टाकले. पुढे काही वर्षं तो डाव्या हाताच्या एकट्या ब्रेकवर गेला. हँडल ओढलं जाई, म्हणून उतार आला की खाली उतरायचा आणि सायकल धरून चालायचा. रविवारी वहिनी त्याच्या शेजारून पिशवी घेऊन चालायची. कॅरिअर रिकामं असायचं. आमच्या दोघांतही एक गोष्ट ठरून गेली होती: गावी कुणी हात कसा गेला असं विचारलं तर मी विषय बदलायचो आणि दादा आत जायचा.

फिटर पुढे मेंटेनन्सचा चार्जहँड, म्हणजे मुकादम, झाला. सणाला घरी यायचा, वहिनीच्या हातचं खायचा. दादा त्याला नेहमी वाढा म्हणायचा. माझ्याने त्या पंगतीत बसवत नसे. मी कचेरीत काम आहे असं सांगून निघत असे.

ऐंशीच्या सुमाराला कंपनीने प्रेसच्या सगळ्या मशिनींना लोखंडी जाळ्या बसवल्या. बटणांवर कुलूपबंद झाकणं आली. नव्या पोरांना आठवडाभर वर्गात बसवून सुरक्षेचं शिक्षण देऊ लागले. त्यात उदाहरण म्हणून एक गोष्ट सांगत, नाव न घेता. एक कामगार होता, फार हुशार, सायकलचा ब्रेकसुद्धा पायावर घेतलेला. तीच हुशारी त्याने मशीनवर केली. पोरांना गोष्ट आवडायची. त्यात सायकल होती, लिंबू होतं.

त्या सुमाराला मी एकदा त्याला डबा द्यायला स्टँडवर गेलो होतो. वर्गातून सुटलेली पोरं सायकली काढत होती. त्यातल्या एकाने दादाच्या हाताकडे बघितलं, मग शेजारच्याकडे, आणि जवळ आला. आवाजात टिंगल नव्हती, उलट थोडा मान होता.

"काका, ते पायाच्या ब्रेकवाले तुमीच का?"

दादाने त्याच्या सायकलकडे बघितलं. ती ओळीच्या जराशी बाहेर उभी होती. त्याने उजवा पंजा सीटखाली घातला, डाव्या हाताने कॅरिअर धरलं, मागचं चाक उचलून ती ओळीत सरकवली. साधी सायकल होती ती, उचलायची गरज नव्हती.

"न्हाई," तो म्हणाला. "त्यो दुसरा कोनतरी असंल."